शिन-यी: चाफ्याच्या भावकीतली कळी आणि चोंदलेलं नाक

निगडीची_टोकियोकर | २८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली टोकियोत, निशी-कासाईला. पहिली दोन वर्षं मजेत गेली, तिसऱ्या वर्षापासून मीही इथल्या जनतेत सामील झाले. म्हणजे फेब्रुवारी उजाडला की डोळे चोळायचे, सटासट शिंकायचं आणि रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं. सुगी नावाचं इथलं देवदारासारखं झाड आहे, त्याच्या परागांचा हा प्रताप. महायुद्धानंतर लाकडासाठी डोंगरच्या डोंगर या एकाच झाडाने भरून टाकले. ती झाडं आता वयात आली आहेत आणि त्यांचं वय आम्ही भोगतोय.

यंदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळीबरोबर काम्पो दिलं. काम्पो म्हणजे चिनी औषधाची जपानी शाखा. साधे एमबीबीएससारखे डॉक्टरच लिहून देतात, सरकारी विम्यात बसतं, खिशातून तीस टक्के जातात. चंदेरी पुड्या, त्यावर मोठा आकडा. माझा २ नंबर. इथे लोक औषधाला नावाने कमी आणि नंबरने जास्त ओळखतात.

दिवसाला तीन पुड्या, जेवणाआधी कोमट पाण्यातून. चव म्हणजे दालचिनी घातलेली माती. पण चौथ्या दिवशी नाक उघडलं! कागदावर घटक वाचले तर त्यात एक 'शिन-इ'. शोधलं तर ती फुलाची कळी निघाली, मॅग्नोलियाची. फोटो पाहिला आणि उडालेच. एवढीशी कळी, अंगभर लव, मांजराच्या पिल्लाच्या पंजासारखी.

कुणाला माहिती आहे का हिच्याबद्दल? आपल्याकडे मिळते का? आणि एक व्यावहारिक प्रश्न. आई आली आहे महिनाभरासाठी, तिचंही नाक इथे आल्यापासून चोंदलंय. माझ्याच पुड्या तिला देऊ का? 'झाडपाल्याचं' आहे म्हणून विचारतेय.

वुहान_रिटर्न | २८ फेब्रुवारी, रात्री ९:४८

अरे वा, आपला विषय! वुहानला एमबीबीएस केलं. आम्हाला चिनी औषधशास्त्राचा एक छोटा पेपर होता. पास होण्यापुरतं वाचलं, पण ही कळी लक्षात राहिली. कारण मास्तरांनी वर्गात बरणी फिरवली आणि आम्ही सगळ्यांनी हुंगून हुंगून नाकाला लावली. वास कापराच्या जवळ जाणारा, थोडा निलगिरीकडे झुकलेला.

चिनी उच्चार शिन-यी. 'शिन' म्हणजे तिखट, झणझणीत. 'यी' म्हणजे कोवळा कोंब, असा अर्थ ली शी-चेन यांनी लावलाय. सोळाव्या शतकातले मोठे औषधज्ञ, १५९६ साली छापून आलेला त्यांचा ग्रंथ अजून प्रमाण मानतात. दुसरं नाव जास्त छान आहे: मू-पी, लाकडाची लेखणी. चिनी लोक ब्रशने लिहितात ना, त्या ब्रशच्या टोकासारखी दिसते म्हणून.

कळी उमलायच्या आत काढायची, थंडी सरता सरता. हनानमधला नानचाओ तालुका यासाठी प्रसिद्ध. देठ काढून सुकवतात. उमललेलं फूल औषधाला बाद. आतून हिरवट, घट्ट मिटलेली, मोठी कळी ती उत्तम.

काढा करताना ती कापडाच्या पुरचुंडीत बांधून टाकतात, मोकळी नाही. ती लव सुटून घशाला टोचते, खोकला काढते. डोस ३ ते १० ग्रॅम. उकळी फार लांबवायची नाही, नाहीतर वास उडून जातो आणि वासातच तर सगळं आहे.

सुपारीचं_खांड | २८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

मांजराच्या पिल्लाचा पंजा, +१. फोटो बघून मलाही हेच वाटलं.

काडेचिराईत | १ मार्च, सकाळी ७:२०

मी आयुर्वेदाचा वैद्य, चिनी औषधाचा जाणकार नाही हे आधीच सांगतो.

वुहानकर, एक विचारतो. नाकाच्या कोणत्या अवस्थेत देतात? आमच्याकडे प्रतिश्याय वेगळा, जुनाट होऊन घाण वास येणारा दुष्ट प्रतिश्याय वेगळा. पातळ पाणी वाहतंय त्याला आणि घट्ट पिवळं साचलंय त्याला एकच औषध देत नाहीत.

वुहान_रिटर्न | १ मार्च, दुपारी १:१५

वैद्यराज, बरोबर नस पकडलीत. त्यांच्याकडे शिन-यी तिखट आणि उष्ण मानतात. थंडी-वाऱ्याने बंद झालेलं नाक, पाणी वाहणं, कपाळ जड होणं, वास न येणं यात थेट चालते. जुन्या सायनसला ते 'बी-युआन' म्हणतात, शब्दशः नाकाचा डोह. काय शब्द आहे! ज्याला झालाय त्याला पटेल, तळ लागतच नाही.

पण घट्ट पिवळं असेल तर ती एकटी देत नाहीत, थंड औषधांच्या घोळक्यात बसवतात. मिंग काळातलं एक सूत्र आहे, छन शी-कुंग या शल्यवैद्याच्या १६१७ च्या ग्रंथातलं. जपानमध्ये तेच १०४ नंबर होऊन बसलंय. त्यात शिन-यीबरोबर चक्क जिप्सम आहे, लिलीचा कंद आहे, लोकाटाचं पान आहे. दिवसाच्या डोसाला जिप्सम ५ ग्रॅम आणि शिन-यी फक्त २. म्हणजे नाव हिचं, वजन दुसऱ्यांचं.

आणि आधीचं, सुंग काळातलं, १२५३ च्या ग्रंथातलं चार औषधांचं चूर्ण: शिन-यी, शंकेश्वराचं फळ, पाई-चीचं मूळ, पुदिना. पातीचा कांदा आणि चहाच्या पाण्याबरोबर घ्यायचं.

आमच्या हॉस्टेलची मावशी मात्र सरळ या कळ्या घालून अंडी उकडायची. अंडं खायचं, वर तेच पाणी प्यायचं. मी एकदाच खाल्लं. नाक उघडलं की नाही आठवत नाही, अंड्याला विक्सचा वास होता एवढं आठवतं.

बांधावरचा | १ मार्च, दुपारी २:४०

शंकेश्वर म्हंजे आमच्यात लांडगा म्हणत्यात त्योच ना? काटेरी, धोतराला चिकटतंय ते? आवो बांधाला लई हाय. फुकट औषध म्हणा की!

डॉ_चष्मेवाला | १ मार्च, दुपारी ३:०२

बांधावरचा, हात जोडून विनंती, त्याच्या नादी लागू नका. तोच तो, आणि विषारी आहे. त्यातलं विष यकृत निकामी करतं. २००७ च्या नोव्हेंबरात बांगलादेशात सिल्हेट भागात पूर आणि टंचाईच्या दिवसांत लोकांनी त्याची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, १९ दगावले. चिनी लोकसुद्धा ते फळ काटे जाळून, भाजून, मोजून वापरतात. गुरांनी कोंब खाल्ले तर गुरंही मरतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल.

आता धागाकर्तीला, आणि हे जरा जोरात सांगतो. आईंना तुमच्या पुड्या देऊ नका. वय काय, रक्तदाबाची गोळी चालू आहे का?

२ नंबरमध्ये नऊ घटक आहेत. त्यातले सात म्हणजे सर्दीचं प्रसिद्ध काकोन्तो, वर शिन-यी आणि सेनक्यू नावाचं एक मूळ. त्या सातांत एक आहे माओ, म्हणजे एफेड्रा. यातूनच एफेड्रिन मिळतं. नाक उघडतं, पण छातीत धडधड, झोप उडणं, रक्तदाब चढणं, लघवी अडणं हेही होतं. शिवाय त्यात ज्येष्ठमध आहे. जास्त दिवस आणि जास्त मात्रेत ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात, रक्तदाब पुन्हा वर. 'झाडपाल्याचं आहे' हे वाक्य कृपया विसरा. तुमचं नाक चौथ्या दिवशी उघडलं त्याचं श्रेय त्या गोंडस कळीला किती आणि माओला किती, हे मी तरी सांगू शकत नाही. पैज लावायची तर माओवर लावीन.

निगडीची_टोकियोकर | १ मार्च, संध्याकाळी ५:३०

डॉक्टर, कसं सांगू. काल धागा टाकला आणि उत्तर यायच्या आधीच रात्री एक आणि आज सकाळी एक पुडी दिली. आई ६८ वर्षांची, बीपीची गोळी रोजची. रात्री दोनला उठून स्वयंपाकघरात डबे लावत बसली होती. 'झोप येत नाही गं, छातीत पाखरू फडफडतंय' म्हणाली. मी म्हटलं जागा बदललीय, म्हणून.

बंद केलंय. आत्ता मशीनवर १६८/९४.

डॉ_चष्मेवाला | १ मार्च, संध्याकाळी ५:४१

पुढची पुडी नाही, त्यांची नेहमीची गोळी वेळेवर, चहा-कॉफी आज नको. शांत बसवून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं तर लगेच रुग्णालय. काहीच नसलं तरी उद्या सकाळी तुमच्याच डॉक्टरांकडे न्या आणि दोन पुड्या दिल्या हे स्पष्ट सांगा. लाजू नका, त्यांना हे रोजचं आहे.

सुपारीचं_खांड | १ मार्च, संध्याकाळी ५:५०

ताई, काकूंची काळजी घ्या. कळवत राहा.

निगडीची_टोकियोकर | १ मार्च, रात्री ८:१५

१४६/८६. धडधड नाही. पिठलं-भात खाऊन झोपली. मला मात्र आता झोप येणार नाही.

वसईचा_वाडीवाला | २ मार्च, सकाळी ६:०५

काकू बऱ्या आहेत वाचून बरं वाटलं. माझा प्रश्न धंद्याचा आहे, राग मानू नका. आमच्या वाडीत सोनचाफा आहे. पहाटे कळ्या काढायच्या आणि गाडीने दादरच्या फुलबाजारात. आमच्यातही उमललेल्या फुलाला भाव नाही, तेव्हा ते 'उमललेलं फूल बाद' वाचून हसू आलं. पुतण्या म्हणतो सोनचाफा पण मॅग्नोलियाच. मग ज्या दिवशी बाजार पडतो त्या दिवशीच्या कळ्या वाळवून हे औषध होईल का? कोण घेईल का?

रानवेडा | २ मार्च, सकाळी ९:३०

पुतण्या हुशार आहे. सोनचाफ्याला पूर्वी मिचेलिया म्हणत, आता तो मॅग्नोलिया चंपाका. पण मॅग्नोलियात दोनशेच्या वर जाती आहेत. त्यातल्या तीनच चिनी औषधसंहितेत शिन-यी म्हणून चालतात: बियोंडी, डेनुडाटा आणि स्प्रेंगेरी. जपानी यादीत आणखी दोन, कोबुशी आणि तिची एक डोंगरी बहीण. भावकी आहे, सातबारा एक नाही.

फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. सोनचाफा सदाहरित, कळी पानाच्या बगलेत. शिन-यीची झाडं थंडीत पानं गाळतात आणि कळी फांदीच्या शेंड्यावर सबंध हिवाळा बसून असते. ती लव म्हणजे तिची घोंगडी. वसंतात पानं यायच्या आधी फूल फुटतं. आपल्या चाफ्यावर हिवाळा असा येतच नाही, तर घोंगडी कशाला विणेल?

अवांतर: आपल्या 'चाफ्यां'ची गंमत बघा. सोनचाफा आणि कवठी चाफा मॅग्नोलियाच्या कुळातले. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. देवळापुढचा पांढरा देवचाफा कण्हेरीच्या. नागचाफा निराळा, भुईचाफा तर हळदीच्या घरातला. सुवास आला की आपण चाफा म्हणून मोकळे.

त्यावर कडी म्हणजे मॅग्नोलिया हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लुमिए याने १७०३ मध्ये दिलं, मोंपेलियेच्या माग्नोल यांच्या सन्मानार्थ. आणि देवचाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते या प्लुमिएच्या नावावरून. म्हणजे सोनचाफ्याचं बारसं ज्याने केलं, त्याचं नाव देवचाफ्याला मिळालं. आपण दोघांना चाफा म्हणत होतो ते अगदीच उगीच नव्हतं म्हणायचं!

काडेचिराईत | २ मार्च, सकाळी १०:१०

वाडीवाले, औषधाच्या बाजूनेही जमत नाही. भावप्रकाशात चंपकाला हिम म्हटलंय, म्हणजे थंड. लघवीच्या त्रासात, रक्तपित्ताच्या तक्रारीत त्याचा विचार होतो. शिन-यीला ते उष्ण म्हणतात. दोन्ही शास्त्रांचं थंड-उष्ण एकच मोजमाप आहे असा माझा दावा नाही. पण दोन्हीकडे या कळ्यांचं काम वेगळं सांगितलंय, एवढं तरी मान्य करू. एकीची बदली दुसरीला चालणार नाही.

डॉ_चष्मेवाला | २ मार्च, सकाळी ११:२५

बदलीवरून आठवलं. १९९० नंतर ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत. फांग-ची नावाचं मूळ हवं होतं, आलं कुआंग-फांग-ची. नाव जवळचं, झाड वेगळं. त्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं गेली, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या गोळ्यांत मॅग्नोलियाची सालही होती, तिचा दोष नव्हता. पण वाळवलेलं, कुटलेलं मूळ ओळखणार कोण?

वाडीवाले, तुमच्या कळ्या 'मॅग्नोलिया बड' म्हणून कुणी विकत घेतल्याच, तर घेणारा पुढे कुणाला तरी शिन-यी म्हणूनच विकणार. त्यात पडू नका.

वसईचा_वाडीवाला | २ मार्च, दुपारी १२:००

नाय पडत. गजरेच बरे.

तिरकस_तात्या | २ मार्च, दुपारी ४:४५

इतकं वाचलं. पुरावा कुठाय? उंदरावर चालतं, माणसावर चालतं की फक्त पुडी चंदेरी असली की चालतं?

वुहान_रिटर्न | २ मार्च, संध्याकाळी ७:३०

तात्या, सरळ उत्तर: प्रयोगशाळेत बरंच, माणसांत थोडं. कळीतल्या सुगंधी तेलात सिनिओल आहे, निलगिरीच्या तेलातलं तेच. शिवाय मॅग्नोलिन आणि फार्गेसिन नावाची द्रव्यं. ॲलर्जीत पेशी फुटून हिस्टामिन सांडतं ते ही द्रव्यं कमी करतात असं पेशींवर आणि उंदरांवर दिसलंय. चिनी संहिता तर मॅग्नोलिनचं किमान प्रमाण मोजूनच माल पास करते.

माणसांवरच्या चाचण्या बहुतेक लहान आणि सहसा अख्ख्या सूत्राच्या. तैवानमध्ये शिन-यी चूर्णाची बारमाही ॲलर्जीच्या सर्दीवर चाचणी झाली, नाकाच्या तक्रारी कमी झाल्या असा निष्कर्ष आहे. पण त्या चूर्णात इतरही अनेक औषधं आहेत. एकट्या कळीचं प्रमाणपत्र त्यातून निघत नाही. मास्तर म्हणायचे की शिन-यी वाट दाखवणारी आहे, बाकीच्यांना नाकापर्यंत घेऊन जाते. हे सिद्ध कसं करायचं ते विचारलं तर चहा प्यायला लागायचे.

तिरकस_तात्या | २ मार्च, संध्याकाळी ७:५२

म्हणजे वाटाड्या. पगार सगळ्यांएवढा, ओझं कमी. आमच्या ऑफिसात आहेत असे दोन.

लवंगलतिका | ३ मार्च, सकाळी ८:१५

आपण कळीचं औषध म्हणून एवढे चकित होतोय, पण मसाल्याच्या डब्यात रोज कळी असतेच की! लवंग म्हणजे न उमललेली कळीच, टोकाची गोळी म्हणजे मिटलेल्या पाकळ्या. चिनी वैद्यकात तीही आहे. हान दरबारात सम्राटापुढे बोलताना अधिकाऱ्यांनी तोंडात लवंग धरावी असा रिवाज होता, तोंडाचा वास येऊ नये म्हणून. आपल्या विधानसभेत लागू करायला हरकत नाही.

बाकी काकूंना ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगायला द्या. मात्र डोळ्यांपासून लांब.

निगडीची_टोकियोकर | ४ मार्च, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. काल आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. ओरडा बसेल वाटलं होतं. ते फक्त 'आ-आ' म्हणाले आणि माओ या शब्दाखाली लाल रेघ मारून कागद माझ्या हातात दिला. आईला नाकात मारायचा फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. आई म्हणाली, 'ही तर जलनेती! निगडीच्या योगवर्गात फुकट शिकवतात, इथे पैसे देऊन ऐकायला आलो.'

माझंही बदललं. कफ आता घट्ट पिवळा आहे म्हणून मला १०४ दिलं, दोन आठवड्यांसाठी. विचारलं, पुढच्या वर्षीही हेच घेऊ? तर म्हणाले, त्यात सानशिशी म्हणजे गार्डेनियाचं फळ आहे. ते वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्याच्या शिरा कडक झाल्याचं आढळलंय, म्हणून लागेल तेवढंच. कळीबद्दल मात्र कुणीच काही वाईट बोलत नाही, बिचारीबद्दल.

रानवेडा | ५ मार्च, सकाळी ७:००

छान झालं. ताई, आता एक काम करा. तुमच्याकडे कोबुशी आहे का बघा, बागांतून लावतात. कोबुशी म्हणजे मूठ. उत्तर जपानात तिला शेत खणायची चेरी असंही म्हणतात, ती फुलली की शेतीला लागायचं. आपला पावशा 'पेर्ते व्हा' म्हणतो तसं.

फुगत असलेल्या कळ्यांची टोकं उत्तरेकडे वळतात. दक्षिणेची बाजू उन्हाने लवकर वाढते, म्हणून कळी उलट्या बाजूला कलते. याच आठवड्यात दिसेल, फुलली की संपलं. फक्त तोडू नका, बागेतली आहे.

निगडीची_टोकियोकर | ८ मार्च, दुपारी ३:२०

गेलो होतो. घराजवळच्या बागेतच दोन झाडं निघाली. सहा वर्षं त्यांच्या खालून स्टेशनला जातेय.

आईने माझ्या फोनवर होकायंत्र लावून घेतलं आणि हात पोचेल त्या फांद्यांवरच्या कळ्या एकेक करून मोजल्या. एकतीस. त्यातल्या बावीस उत्तरेकडे, पाच वर आभाळात आणि चार सरळ दक्षिणेला तोंड करून. मी म्हटलं, या चुकल्या. आई म्हणाली, 'चुकल्या कशाने, तुझ्या मामाकडच्या आहेत.'

मग एका कळीच्या लवेवरून बोट फिरवत बराच वेळ उभी होती. मास्क होता, तरी वाकून वास घेतला. येतोय का विचारलं, तर म्हणाली, 'नाक बंद आहे गं.'

सुपारीचं_खांड | ८ मार्च, दुपारी ३:३१

मामाकडच्या चार कळ्यांचा फोटो टाका की.